सेल्फ मारताना गाडीतला संगणक बंद पडतो : कारण ओळखण्याची पद्धत आणि कायमचा उपाय

किल्ली फिरवली की पडदा उजळतो, संगणक सुरू होऊ लागतो, आणि सेल्फ मारल्याबरोबर पडदा काळा होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गाडीत छोटा संगणक बसवलेल्या बहुतेकांना या तक्रारीला कधी ना कधी तोंड द्यावे लागते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे नेहमी जाणारे लोक नकाशे गाडीतच साठवून ठेवतात, कारण जांबोटी सोडल्यावर मोबाईलच्या रेंजचा भरवसा राहत नाही. कोणी त्याच संगणकाला पुढचा आणि मागचा कॅमेरा जोडतो, तर कोणी गाणी आणि इंजिनाची माहिती त्याच पडद्यावर पाहतो. अशा वापरात दर वेळी मिनिटभर थांबावे लागणे हा त्रास आहेच, पण खरे नुकसान दुसरीकडे होते. मेमरी कार्डावर लिहिण्याचे काम चालू असताना वीज अचानक तुटली, तर फाइलींची मांडणी बिघडते आणि एखाद्या सकाळी संगणक अजिबात सुरू होत नाही.

या एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणे असतात, आणि कारण न ओळखता घेतलेला सुटा भाग बहुधा वाया जातो. पहिल्या कारणात संगणकाची वीज गाडीच्या स्विचनेच तोडलेली असते. दुसऱ्यात वीज तुटलेली नसते, पण बॅटरीचा दाब (व्होल्टेज) संगणकाला चालणार नाही इतका खाली गेलेला असतो. पहिल्या प्रकारात दाब बदलून देणारा कितीही भारी कन्व्हर्टर बसवला तरी फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे काही येतच नसते. दुसऱ्या प्रकारात वायर कितीही बदलल्या तरी बॅटरीपाशी दाब त्या क्षणी पडायचा तो पडतोच.

इग्निशन स्विचला साधारणपणे चार जागा असतात : बंद, एसीसी (अॅक्सेसरी), ऑन आणि स्टार्ट. रेडिओ आणि लायटरचे सॉकेट बहुतेक गाड्यांत एसीसीच्या वायरीवर असते. किल्ली स्टार्टच्या जागी धरलेली असेपर्यंत ही एसीसी वायर स्विचच्या आतच तुटते, जेणेकरून बॅटरीची शक्य तितकी ताकद सेल्फला मिळावी. हा गाडीतला बिघाड नाही, गाडी मुळातच तशी बनवलेली असते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही हीच व्यवस्था रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या मार्फत केलेली असते. अनेक रिलेंवर आणि वायरिंगच्या नकाशांवर जर्मन पद्धतीचे आकडे असतात. त्यात बॅटरीची कायम चालू वायर ३०, इग्निशनची १५ आणि सेल्फची ५० असते. हे तीन आकडे लक्षात ठेवले तर वायरमनशी बोलणे सोपे जाते.

कोणते कारण आहे हे ओळखायला महाग उपकरण लागत नाही. पार्किंगच्या दिव्याचा १२ व्होल्टचा, ५ वॅटचा साधा बल्ब घ्यावा, त्याला दोन वायरी जोडून एक टोक गाडीच्या पत्र्याला नीट अर्थ करावे आणि दुसरे टोक संगणकाला वीज देणाऱ्या वायरीला लावावे. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून नजर फक्त बल्बवर ठेवावी. बल्ब पूर्ण विझला तर एसीसी तुटते आहे. बल्ब मंद झाला पण तेवत राहिला तर दाब पडतो आहे. एलईडीचा टेस्ट लॅम्प या कामाला घेऊ नये, कारण तो थोड्याशा विजेवरही उजळ दिसतो आणि दिशाभूल करतो.

ही चाचणी सेल्फ फिरत असतानाच करायची असते, यावर मी जोर देतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये एका गाडीवर बराच वेळ खटपट चालली होती. वायरमनकाकांनी किल्ली ऑनवर ठेवून मल्टीमीटर लावला, १२.४ व्होल्ट दिसले, आणि ते म्हणाले, ‘‘करंट येतोय की हो, मशीनच खराब असणार.’’ त्यांचे माप बरोबर होते, फक्त ते चुकीच्या क्षणाचे होते. बल्ब लावून सेल्फ मारल्याबरोबर तो पूर्ण विझला, किल्ली सोडताच पुन्हा लागला, आणि नवा संगणक घेण्याचा विषय तिथेच संपला.

बल्बची एक मर्यादा आहे. सेल्फ फिरायला लागण्याच्या अगदी पहिल्या क्षणी, मोटर अजून स्थिर असताना, ती सर्वांत जास्त करंट ओढते आणि दाबाचा सर्वांत खोल खड्डा सेकंदाच्या काही शतांशांपुरता तेव्हाच पडतो. तापलेली तार इतक्या झटपट थंड होत नाही आणि साध्या मल्टीमीटरचे आकडेही इतक्या लवकर बदलत नाहीत, म्हणून तो खड्डा दोन्हीवर दिसत नाही. बल्ब नुसता किंचित मंद होत असेल आणि तरीही संगणक बंद पडत असेल, तर किमान मूल्य धरून ठेवणारा मल्टीमीटर किंवा दाबाचा आलेख दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप लावावा.

आता आकड्यांकडे पाहू. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी आहे, आणि इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर दाब १३.८ ते १४.४ पर्यंत नेतो. सेल्फ फिरताना चांगल्या बॅटरीवर दाब १० च्या आसपास टिकतो, पण त्या पहिल्या क्षणी तो ७ किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनाचे ऑइल घट्ट होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत खानापूर भागात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीत ही तक्रार जास्त दिसते. डिझेल गाडीत इंजिनात हवा दाबण्याचे प्रमाण जास्त असल्याने सेल्फला जास्त जोर लागतो, आणि सेल्फच्या आधी इंजिन तापवणाऱ्या ग्लो प्लगनीही बॅटरीवर ताण दिलेला असतो.

दाब पडत असेल तर सर्वांत आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या तपासाव्यात. सेल्फ सलग फिरत असताना बॅटरीच्या खांबांवर दाब ९.६ च्या खाली राहत असेल, तर बॅटरी थकली आहे, ती भरलेली नाही किंवा सेल्फच जास्त ओढतो आहे, असे समजावे. त्यानंतर मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्यावर आवळलेल्या क्लँपवर टेकवून सेल्फ मारावा. एकमेकांना चिकटलेल्या या दोन भागांत जवळजवळ शून्य दिसायला हवे. तिथे पाव व्होल्ट दिसला तरी जोडणी खराब आहे. असेच माप ऋण खांब आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात घ्यावे. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर अर्थची पट्टी काढून, पत्रा घासून, पुन्हा आवळावी. कारवारकडच्या खाऱ्या हवेत आणि कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांच्या या पट्ट्या वरून ठीक दिसतात, पण नट सोडवला की खाली गंजाचा थर निघतो. खांबांवर पांढरा-हिरवट क्षार जमला असेल तर आधी ऋण क्लँप सोडवावा, मग गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून दोन्ही खांब धुवावेत, कोरडे करावेत, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटलेल्या आहेत.

यानंतर संगणकाची वायर. इथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : कन्व्हर्टरमागचा संगणक ठराविक वॅट मागतो, त्यामुळे दाब कमी झाला की तो जास्त करंट ओढतो. ३० वॅटचा संगणक १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, तर ७ व्होल्टवर त्याला सव्वाचारहून जास्त लागतात. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर चार मीटर जाऊन चार मीटर परत येत असेल, तर तिचा रोध जवळजवळ ०.३ ओम होतो आणि नेमक्या त्याच कठीण क्षणी तिच्यात सव्वा व्होल्ट अडकतो. बॅटरीपाशी ७ असलेले व्होल्ट संगणकापाशी पावणेसहाच्या खाली जातात. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हाच तोटा पाव व्होल्टच्या आसपास येतो. दरातला फरक फार नसतो, म्हणून इथे काटकसर करू नये. पुढे यूएसबीची केबलसुद्धा आखूड आणि जाड घ्यावी. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला ५.१ व्होल्टवर ३ अँपिअरची सोय लागते, आणि त्याच्यापाशी दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर पिवळ्या विजेची खूण दिसते. गाडी सुरू असतानाही ती खूण येत असेल तर दोष सेल्फचा नाही, केबलचा किंवा कन्व्हर्टरचा आहे.

दोन्ही कारणांवरच्या कायमच्या उपायाचा पाया एकच आहे : संगणकाची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी, आणि एसीसीची वायर फक्त खबर देण्यासाठी वापरावी. धन खांबापासून एक वीत अंतराच्या आत फ्यूज बसवून तिथून जाड वायर संगणकापर्यंत न्यावी. तो फ्यूज संगणकासाठी नसून वायरीसाठी असतो. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज नसताना आग लागते, म्हणून हा भाग कोणत्याही कारणाने वगळू नये. इंजिनाच्या बाजूने आत येताना वायर रबराच्या ग्रोमेटमधूनच आणावी. एसीसीची बारीक वायर मात्र संगणकाच्या पॉवर सप्लायच्या खबर घेणाऱ्या टोकाला जोडावी. ती तुटली तर संगणकाने लगेच बंद व्हायचे नसते. आठ-दहा सेकंद वाट पाहायची, तेवढ्यात ती परत आली तर काही झालेच नाही असे समजायचे, आणि परत आली नाही तरच रीतसर बंद होण्याची क्रिया सुरू करायची. सेल्फ दोन-तीन सेकंदांत आपले काम उरकतो, त्यामुळे एवढी उसंत पुरते.

हे सगळे एकाच पट्टीत (सर्किट बोर्डवर) करणारे तयार सप्लाय मिळतात. मिनी-बॉक्स कंपनीचा एम२-एटीएक्स हा त्यांतला जुना आणि परिचित सप्लाय ६ ते २४ व्होल्ट चालतो, तर २५० वॅटचा एम४-एटीएक्स ६ ते ३० व्होल्ट चालतो. किल्ली बंद झाल्यावर किती वेळाने संगणक बंद करायचा हे त्यावर ठरवता येते. पूर्ण मदरबोर्डचा संगणक असेल तर हाच मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. ट्रक आणि मोठ्या बसचे वायरिंग मात्र २४ व्होल्टचे असते आणि चालू इंजिनावर तिथे २८ च्या आसपास दाब असतो, म्हणून पहिला सप्लाय तिथे मुळीच लावू नये.

लहान संगणकासाठी सुटा कन्व्हर्टर घेणार असाल तर त्याचा प्रकार आधी पाहावा. फक्त दाब उतरवणारा बक कन्व्हर्टर ५ व्होल्ट देण्यासाठी ठीक आहे, कारण एलएम२५९६ या चिपवर बनलेल्या नेहमीच्या पट्टीला बाहेर ५ द्यायला आत साधारण ७ पुरतात. पण ज्या मिनी पीसीला किंवा पडद्याला स्वतःलाच १२ व्होल्ट लागतात, त्याच्यासाठी बक निरुपयोगी आहे. आत ९ असताना तो बाहेर १२ आणणार कुठून? तिथे दाब गरजेप्रमाणे चढवणारा आणि उतरवणारा बक-बूस्ट कन्व्हर्टरच हवा. १९ व्होल्टवर चालणाऱ्या संगणकाला बूस्ट चालतो, मात्र त्याची आतली करंटक्षमता सर्वांत कमी दाबाचा हिशेब करून घ्यावी : ४५ वॅटचा संगणक ७ व्होल्टवर, तूट धरून, सात-साडेसात अँपिअर ओढेल.

त्यातच दाब वर उसळण्याचाही विचार करावा. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी सुटली तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी चढतो. एलएम२५९६ ची नेहमीची मर्यादा ४० व्होल्ट आहे, आणि स्वस्त पट्ट्यांवर आत येणाऱ्या बाजूचा कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) अनेकदा ३५ व्होल्टचाच असतो. म्हणून आत येणाऱ्या वायरीवर, फ्यूजनंतर, उसळलेला दाब अडवणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड लावावा आणि पट्टीवरचा कॅपॅसिटर ५० व्होल्टचा करून घ्यावा.

इतके करूनही पहिल्या क्षणाचा खड्डा पार होत नसेल तर थोडी साठवण ठेवावी लागते. अनेक जण कन्व्हर्टरच्या आधी एक मोठा कॅपॅसिटर लावून पाहतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून निराश होतात. हिशेब केला तर कारण कळते. १२ पासून ८ व्होल्टपर्यंत उतरताना ४७०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सुमारे ०.१९ ज्यूल देतो, म्हणजे १५ वॅटचा संगणक त्यावर बारा-तेरा मिलिसेकंद चालतो. दोन सेकंद सांभाळायचे तर ३० ज्यूल, म्हणजे पाऊण फॅरड हवे. शिवाय कॅपॅसिटरच्या आधी वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड नसेल तर त्यातली वीज संगणकाकडे न जाता उलट सेल्फकडेच जाते. भरलेल्या घागरीला तळाशी भोक असावे तसा तो प्रकार होतो. २.७ व्होल्टचे, १० फॅरडचे सहा सुपरकॅपॅसिटर एका रांगेत जोडले तर १.६७ फॅरड मिळतात आणि त्यांवर तोच संगणक चार सेकंदांहून जास्त तग धरतो. मात्र प्रत्येकावर सारखा दाब राहावा म्हणून बॅलन्सिंगची पट्टी लागते.

माझी पसंती छोट्या दुसऱ्या बॅटरीला आहे. घरातल्या यूपीएसमध्ये असते तीच १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी यासाठी चालते, आणि ती कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. मुख्य बॅटरीकडून संगणकाकडे एक शॉट्की (कमी दाब खाणारा) डायोड, छोट्या बॅटरीकडून संगणकाकडे दुसरा. ज्या बाजूचा दाब जास्त त्या बाजूने संगणक वीज घेतो, आणि सेल्फला छोट्या बॅटरीतून काही ओढता येत नाही. १० अँपिअर, ४५ व्होल्टचे डायोड पुरतात. त्यात पाव ते अर्धा व्होल्ट जातो, तेवढा सोसावा लागतो. छोटी बॅटरी भरण्यासाठी मुख्य बाजूकडून तिसरा डायोड आणि त्याच्या रांगेत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावावा. छोटी बॅटरी रिकामी झालेली असली तरी बल्ब करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे फारसा जाऊ देत नाही, आणि अल्टरनेटरच्या १४.२ मधून डायोडचा भाग वजा जाऊन तिला पावणेचौदाच्या आसपास दाब मिळतो, जो तिला कायम सोसतो. या बॅटरीलाही स्वतंत्र फ्यूज लावावा, आणि ती इंजिनाजवळ न ठेवता सीटखाली पट्ट्याने घट्ट बांधावी. भरणारी वायर मात्र किल्ली ऑन असतानाच जोडली जाईल अशा रिलेवरून घ्यावी.

मोबाईलची पॉवर बँक मधे घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. बाहेरची वीज आली किंवा गेली की अनेक पॉवर बँका क्षणभर आपला पुरवठा तोडतात, म्हणजे ज्या त्रासासाठी त्या लावायच्या तोच त्रास त्या नव्याने देतात. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या, काचा लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे तापतो, आणि लिथियमच्या सेलला ती जागा धोक्याची आहे.

थेट बॅटरीवरून वीज घेतल्यावर एक नवी जबाबदारी येते. बंद झालेला दिसणारा संगणकही कन्व्हर्टरसह थोडे ओढत राहतो. तो अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी ढकलावी लागेल. म्हणून संगणक रीतसर बंद झाल्यावर, मिनिटभराने, रिलेने त्याची वीज पूर्ण तोडावी, आणि बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली तर तोडणारी कटऑफ पट्टीही लावावी. या पट्टीबाबत एक खबरदारी आहे. तिला उशीर लावण्याची सोय नसेल, तर सेल्फच्या वेळी पडलेला दाब पाहून ती लगेच वीज तोडते आणि मूळ तक्रार तिच्यामुळेच परत सुरू होते. उपाय करून झाल्यावरही संगणक बंद पडत असेल तर मी आधी ही पट्टी बघतो. कटऑफला किमान १५ सेकंदांचा उशीर ठेवावा.

सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्यांत एसीसी सहसा तुटत नाही, पण दाब पडण्याची वेळ शहरात वारंवार येते. तिथे बक-बूस्ट कन्व्हर्टर किंवा छोटी बॅटरी यांपैकी एक हवेच.

काम पुरे झाल्यावरची चाचणी पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर करावी. हेडलाइट आणि पंखा लावून, संगणकावर कॅमेऱ्याचे चित्रण चालू ठेवून सेल्फ मारावा, मग गाडी बंद करून लगेच दुसऱ्यांदा मारावा, आणि शेवटी किल्ली काढून संगणक रीतसर बंद होऊन रिले सुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबावे. त्यानंतर बॅटरीच्या वायरीत मल्टीमीटर रांगेत जोडून संगणकाच्या वाटेने किती करंट जातो ते मोजावे. तो वीस मिलिअँपिअरहून जास्त दिसला तर रिले कुठल्या बाजूला बसवला आहे ते पुन्हा तपासावे, कारण तो कन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे संगणकाच्या बाजूला लावला असेल तर कन्व्हर्टर स्वतः ओढतच राहतो.